बुवांचा शब्द आणि जवसाची चटणी

जुळे सोलापुरातल्या दत्ताच्या देवळात कीर्तन असलं, की पहिल्या रांगेत, शेजारी खांब असूनही त्याला न टेकता ताठ बसलेला जो माणूस दिसेल ते गंगाधरराव समजावेत. शाळेत हेडक्लार्क होते, आता निवृत्त झालेत. म्हणजे नोकरीतून. कीर्तनातून कुणी निवृत्त होत नाही. पूर्वरंगाला ते डोळे मिटतात, उत्तररंगाला उघडतात, आणि बुवांनी मधेच एखादी गंमत सांगितली, सगळं देऊळ खो खो हसलं, तरी गंगाधरराव हसत नाहीत. ते हात जोडतात. त्यांचं म्हणणं असं, की नारदाच्या गादीवर उभं राहून बुवा जे बोलतात, त्यातलं थट्टेचं कुठलं आणि खरं कुठलं हे निवडत बसणारे आपण कोण? तांदूळ निवडावेत. बुवांचे शब्द निवडू नयेत.

"बुवा गोवर्धनाचं आख्यान लावतात आणि हे देवळातून छत्री उघडून निघतात," असं यशोदाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगतात. यावरही गंगाधरराव हसत नाहीत. कारण एकदा ते खरंच झालेलं आहे.

अशा ह्या सोन्यासारख्या माणसामुळे त्यांच्या सुनेचा परवाना अडला.

सून श्रावणी, माढ्याकडची. मुलगा राजस हैदराबादला नोकरीला. महिन्यातून एकदा येतो, जेवतो, झोपतो आणि जाताना डबा घेऊन जातो. त्या डब्यातल्या जवसाच्या चटणीनं आधी त्याचं ऑफिस नादावलं, मग ऑफिसातल्यांच्या सासुरवाड्या. श्रावणीनं मनात घेतलं, की आता हे नीट करायचं. घरामागची खोली मोकळी होती. माहेरी शेतात जवस होता. भाजायचं आणि कुटायचं यंत्र तेवढं हवं होतं.

खाद्यपदार्थांच्या लहान उद्योगांसाठी सरकारची योजना आहे. यंत्रांच्या खर्चातला पस्तीस टक्के वाटा सरकार उचलतं, बाकी बँकेचं कर्ज आणि थोडे पदरचे. त्या योजनेच्या मार्गदर्शक म्हणून शिवलीला नावाच्या एक मॅडम होत्या. स्कूटीवरून यायच्या, डिकीत कायम चार उद्योगांचे कागद. त्यांनी काय काय लागेल ते सांगितलं आणि गंगाधररावांच्या अंगात वारं शिरलं. उद्यम नोंदणी, यंत्राचं कोटेशन, प्रकल्प अहवाल, लाईट बिल, त्यांच्या भावाचं संमतिपत्र, कारण घर दोघा भावांच्या नावावर. निवृत्तीनंतर इतकी सुंदर फाईल त्यांच्या हाती लागली नव्हती. पांढरी नाडी, क्रमांक घातलेली पानं, वर अनुक्रमणिका. शिवलीलामॅडम म्हणाल्या, "काका, ही फाईल मी बाकीच्यांना दाखवायला नेऊ का?" त्या दिवशी गंगाधरराव दोन पोळ्या जास्त जेवले.

बँकेनं कर्ज तत्त्वतः मंजूर केलं. तत्त्वतः म्हणजे देणार, पण आज नाही. "अन्न परवान्याची नोंदणी झाली की कागद आणा, पैसे सोडतो," साहेब म्हणाले, "मात्र मार्चच्या आत. एप्रिल लागला की नवं वर्ष, नवं टार्गेट आणि बहुतेक नवा साहेब. मग ही फाईल पहिल्यापासून."

मार्च उजाडलेलाच होता. राहिला होता तो एकटा परवाना.

आणि परवान्याच्या वाटेत आडवं आलं ते लेबल.

झालं होतं असं. माघातल्या उत्सवाला अक्कलकोटहून सोमशेखरबुवा कीर्तनाला आले होते. बुवा म्हणजे गंगाधररावांचं दैवत. पहाडी आवाज, डोक्याला जरीचा फेटा, आणि रंगात आले की मराठीतून कानडीत कधी गेले आणि परत कधी आले ते तबलजीलाही कळू नये. दुपारी ते गंगाधररावांकडे जेवले. संध्याकाळी गादीवर उभे राहिले आणि भक्तीत देहभान कसं हरपतं ते सांगता सांगता म्हणाले, "लांब कशाला जाता? आज आमच्या गंगाधररावांच्या सुनेनं जवसाची चटणी वाढली. अहो, दोन घास खाल्ले आणि माझे गुडघे दुखायचेच थांबले!"

देऊळ हसलं. गंगाधररावांनी हात जोडले.

तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी सुनेला चकित करायचं ठरवलं. आपल्या पेन्शनमधून, कुणाला न सांगता, साखर पेठेतल्या प्रभुच्या छापखान्यात लेबलं टाकली. वर 'श्रावणी गृहोद्योग', खाली 'जवसाची चटणी', आणि मधोमध, लाल ठसठशीत अक्षरात, 'गुडघेदुखीवर गुणकारी! ह.भ.प. सोमशेखरबुवांचे अनुभवाचे बोल.'

प्रभु म्हणाला होता, "काका, एवढी मोठी लाईन टाकल्यावर बाकीच्याला जागा न्हाय हो उरत."

"बाकीचं काय असतं त्यात?" गंगाधरराव म्हणाले होते. "चटणी आहे. डोळ्यांना दिसते की."

गठ्ठे घरी आले तेव्हा श्रावणीनं ती ओळ वाचली, सासऱ्याचं फुललेलं तोंड पाहिलं, आणि म्हणाली, "छान आहे, मामा." सुना कधी कधी असं म्हणतात.

अन्न सुरक्षा अधिकारी पाहणीला आले. तरुण होते. बूट दाराबाहेर काढून आत आले, तेवढ्यावरच गंगाधरराव अर्धे विरघळले. अधिकाऱ्यांनी फरशी पाहिली, खिडकीची जाळी पाहिली, पाण्याच्या तपासणीचा कागद पाहिला. मग चटणी करणाऱ्यांची डॉक्टरी सर्टिफिकेटं पाहिली.

"हे मॅडमचं. हे आजींचं. आणि हे तिसरं?"

"माझं," गंगाधरराव म्हणाले. "मी लसूण सोलतो."

"उत्तम." अधिकारी खरंच खूश दिसले. "इतकी तयारी मोठ्या कारखान्यातसुद्धा..." असं म्हणता म्हणता त्यांची नजर कपाटावरच्या गठ्ठ्यावर गेली. त्यांनी एक लेबल उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे औषध आहे का चटणी?"

"चटणी," श्रावणी म्हणाली.

"चटणीच," यशोदाबाई म्हणाल्या.

"तशी चटणीच," गंगाधरराव म्हणाले. "पण गुण औषधाचा."

"काका, औषध असेल तर त्याचा परवाना निराळा, कागद निराळे. आणि चटणी असेल तर ही ओळ चालत नाही. खायच्या पाकिटावर अमुक आजार बरा होतो असं छापता येत नाही. कायदाच आहे तसा."

"पण हे आम्ही नाही म्हणत, साहेब. बुवा म्हणाले."

"कुठले डॉक्टर हे?"

"डॉक्टर नव्हे. कीर्तनकार."

अधिकाऱ्यांनी ओठ घट्ट मिटले. हसू दाबायला सरकारी माणसालाही कष्ट पडतात. "काही रिपोर्ट आहे का? तपासणीचा?"

"सगळं देऊळ साक्षीला होतं की, साहेब."

"मग देवळानं काय केलं?"

"हसलं," यशोदाबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी लेबल खाली ठेवलं. आवाज मऊ होता, पण शब्द पक्के होते. "बाकी सगळं चोख आहे. पण इथं घटक पदार्थ लिहिलेले नाहीत, वजन नाही, कधीपर्यंत खावी ते नाही, शाकाहाराचा हिरवा ठिपका नाही. आणि नको ते लाल अक्षरात आहे. नवं लेबल करून मला दाखवा, मी त्याच दिवशी अहवाल पाठवतो. तोवर मला थांबवावं लागेल."

साहेब बूट घालून गेले. श्रावणी मागच्या खोलीत जाऊन जवस भाजायला लागली. तडतड तडतड आवाज येत राहिला. ती रागावली असती तर गंगाधररावांना सोपं गेलं असतं.

"एक ओळ काढायची," यशोदाबाई म्हणाल्या. "प्रभुला फोन करा. त्यात एवढं काय?"

"बुवांचं नाव आहे त्या ओळीत."

"मग?"

"मग काय मग! गादीवरून निघालेला शब्द. तो मी काढायचा म्हणजे, बुवा खोटं बोलले असं सरकारदरबारी लिहून देणं झालं. माझ्या हातून नाही व्हायचं ते."

"तुम्ही ती चटणी रोज खाता. तुमचे गुडघे बसताना कडकडतात ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं."

"माझी श्रद्धा कमी पडत असेल."

"श्रद्धा भरपूर आहे. वंगण कमी आहे," असं म्हणून यशोदाबाई उठल्या.

गंगाधरराव हट्टी नव्हते, फक्त अडकले होते. एकीकडे पोरीचं काम, दुसरीकडे बुवा. मग त्यांनी हेडक्लार्कच्या डोक्यानं तडजोडी काढायला सुरुवात केली. आधी काळ्या मार्करनं ती ओळ झाकून पाहिली. लाल अक्षरं काळ्यातूनही लकाकत राहिली, जणू बुवाच आतून गात होते. मग शब्द बदलून पाहिले, आणि प्रत्येक नव्या शब्दासाठी शिवलीलामॅडमना फोन लावला.

"मॅडम, 'गुडघ्यांस हितकारक' चालेल?"

"नाही, काका."

"'गुडघ्यांस अपायकारक नाही'?"

"काका, मग लोक विचारतील, बाकी कशाकशाला आहे?"

"'गुडघे असणाऱ्यांसाठी'?"

"सगळ्यांनाच असतात, काका."

"गुडघे राहू देत. नुसतं 'बुवांचे अनुभवाचे बोल' ठेवलं तर?"

"कशाचा अनुभव, असं साहेब विचारतील. आणि बुवांना विचारलंत का हो तुम्ही, त्यांचं नाव छापू का म्हणून?"

गंगाधररावांनी फोन कानापासून जरा लांब धरला. हे मात्र विचारलं नव्हतं.

मार्च पुढे सरकत होता. बँकेतून फोन आला, यंत्रवाल्याचा आला. आणि एका सकाळी श्रावणीच्या आईचा आला. श्रावणी अंगणात उभी राहून बोलत होती आणि गंगाधरराव तुळशीला पाणी घालत होते; ते चुकून ऐकत नव्हते, मुद्दाम ऐकत होते.

"व्हय गं आई... न्हाय, अजून न्हाय पाठवायचं... मला कळतंय, पोती ठेवून ठेवून किडतील. थोडं थांब की... न्हाय, तसं काही नाही. मामांचं एक काम राहिलंय."

'मामांचं एक काम राहिलंय.' तिनं 'मामांमुळे राहिलंय' म्हटलं नव्हतं. तांब्यातलं पाणी संपलं तरी गंगाधरराव तांब्या तसाच तिरका धरून उभे होते.

श्रावणी वळली. "मामा, तुळस भिजली."

"हं."

"मी काय म्हणते, आपण अक्कलकोटला जाऊन येऊ. बुवांनाच विचारू. ते ठेव म्हणाले तर ठेवू, मी पुढच्या वर्षी बघीन. काढ म्हणाले तर काढू."

गंगाधररावांनी मान डोलावली. पोरगी एवढी समजुतीनं बोलली, की ते तसेच आत जाऊन एस.टी.चं वेळापत्रक शोधायला लागले.

एस.टी.त ते सगळी वाट बुवांना काय आणि कसं सांगायचं त्याची उजळणी करत होते. श्रावणीच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. रिकाम्या हातानं बुवांकडे जायचं नाही, एवढं तिलाही कळत होतं.

बुवांचं घर मठाच्या मागच्या बोळात. दार उघडंच होतं, आतून पेटीचा सूर येत होता. "बर्री, बर्री! कूडरी!" बुवांनी कानडीतून स्वागत केलं आणि मग मराठीत आले, "बसा, गंगाधरराव बसा! ए पोरी, तू पंख्याखाली बस. मी उठत नाही, माफ करा."

गंगाधरराव बसले नाहीत. ते पाहत होते. बुवा खुर्चीत होते, दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर, आणि दोन्ही गुडघ्यांना जाड पट्टे आवळलेले. खोलीत महानारायण तेलाचा वास भरून राहिला होता.

"बुवा... गुडघे?"

"काय सांगू! डॉक्टर म्हणतात वाट्या बदला. मी म्हटलं, या वाट्यांवर पन्नासेक वर्षं गादी उभी आहे, नव्या वाट्यांना आख्यानं पाठ कोण करून देणार? पण दुखतं हो. रात्री झोप नाही."

गंगाधररावांनी पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. त्यांनी पिशवीतून लेबल काढलं आणि बुवांच्या हातात दिलं.

बुवांनी चष्मा चढवला. वाचलं. आणि ते हसायला लागले, ते असे, की पेटी वाजवणारा शिष्य भाता सोडून बघायला लागला. "शांतम्मा! ए शांतम्मा, इल्ली बा!" त्यांनी बायकोला हाक मारली. "ये, बघ माझं नाव कुठं लागलंय!"

शांतम्मा आतून हात पुसत आल्या. त्यांनी लेबल दूर धरून वाचलं. "अय्यो! तेल मी चोळायचं, पाय मी दाबायचे, आणि नाव चटणीचं?"

श्रावणीनं पदर तोंडाला लावला. गंगाधररावांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं: साहेब, लाल ओळ, मार्चअखेर, माढ्यात भरून ठेवलेला जवस. आणि शेवटी, अगदी हळू, "म्हणजे बुवा, ते खोटं होतं?"

बुवांचं हसू थांबलं. त्यांनी शिष्याला पेटी बंद करायची खूण केली.

"गंगाधरराव, गादीवर उभा राहून मी मारुतीरायाला एका उडीत समुद्रापार धाडतो. तुम्ही हात जोडता. बरोबर करता. पण आज सोलापूरहून इथं उडी मारून आलात का?"

"नाही."

"कशानं आलात?"

"एस.टी.नं."

"तिकीट काढून?"

"काढून."

"हां. मग मारुतीराय खोटे झाले का?" बुवांनी लेबल गुडघ्याच्या पट्ट्यावर ठेवलं. "त्या दिवशी तुमच्या घरी मी जेवायला बसलो आणि जेवण होईपर्यंत मला गुडघे आठवले नाहीत. दुखणं गेलं नव्हतं, दुखण्याची आठवण गेली होती. माझ्यासारख्याला तेवढं पुष्कळ झालं. ते मी गादीवर आनंदानं सांगितलं. ऐकणारे सगळे समोर होते, माझं तोंड बघत होते, मी काय म्हणतोय ते त्यांना कळत होतं. पण हे पाकीट जाईल कुठं तरी लांब. एखादी म्हातारी वाचेल. तिनं काही मला पाहिलेलं नाही, माझं हसू ऐकलेलं नाही. ती डॉक्टरचं औषध सोडून तुमची चटणी खात बसेल. मग काय करायचं? तो साहेब माझ्यापेक्षा शहाणा निघाला म्हणायचा."

गंगाधररावांनी ते लेबल उचलून घेतलं.

"आणि दुसरं विचारतो, रागावू नका. त्याच कीर्तनात मी म्हणालो होतो, पहाटे उठून नामस्मरण करा. ते का नाही छापलंत?"

शांतम्मा फस्सकन हसल्या. गंगाधररावांनी एकदा श्रावणीकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"खरं सांगू का, बुवा?"

"माझ्याकडे येऊन दुसरं काय सांगणार?"

"सोलापुरात गल्लोगल्ली चटणी मिळते. शेंगाचटणीच्या गावात जवसाची चटणी कोण घेणार, असं मला रोज वाटायचं. पोरीनं नोकरीचा विचार सोडला, दागिने नकोत यंत्र घ्या म्हणाली. आणि नाही खपली तर? म्हणून वाटलं, तुमच्या नावाचा टेकू असावा. मी तुमचा शब्द जपत नव्हतो. मी घाबरलो होतो."

श्रावणीनं डबा मांडीवरून खाली ठेवला.

"म्हणजे मामा, इतके दिवस तुमचा माझ्या चटणीवर विश्वास नव्हता?"

"चटणीवर होता गं. लोकांवर नव्हता."

"मग मला का नाही म्हणालात? मला वाटलं एकटी मीच घाबरतेय." एवढं बोलून ती रडते की हसते ते कळेना, आणि शांतम्मांनी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिनं दोन्ही करून घेतलं.

बुवांनी डब्याकडे बोट केलं. "त्यात काय आहे?"

"तीच," श्रावणी म्हणाली.

"मग एवढा वेळ मला कीर्तन का करायला लावलंत? शांतम्मा, भाकरी आण."

कडक भाकरी आली. बुवांनी ती कडकन मोडली, चटणीवर तेल घेतलं आणि खायला लागले. बोलले काहीच नाहीत. सोमशेखरबुवा गप्प बसलेले अक्कलकोटात फार कमी लोकांनी पाहिले असतील. भाकरी संपली, मग दुसरी मागवली. शेवटी बोट चाटून म्हणाले, "गंगाधरराव, मी काय बोललो ते तुम्ही ऐकलंत, छापलंत. त्या दिवशी मी किती वेळा वाढून घेतलं ते नाही पाहिलंत. सुनेच्या बाजूनं साक्ष ती होती. जा, ओळ काढा. माझा शब्द मी परत घेत नाही, तो गादीवर सुखात आहे. तुम्ही तुमचा कागद नीट करा."

गंगाधररावांनी आधी बुवांना नमस्कार केला. मग खिशातलं पेन काढलं, लेबल तळहातावर धरलं आणि लाल ओळीवर एक सरळ, सावकाश रेघ मारली. हेडक्लार्कचा हात; रेघ तसूभर हलली नाही. मग समासात आपली बारीक सही केली आणि लेबल पुन्हा बुवांपुढे धरलं.

"आता काय?"

"खाडाखोडीवर सही लागते. दोघांची."

"अरे देवा," बुवा म्हणाले, आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी साखर पेठेत प्रभुनं ते दोन सह्यांचं लेबल उलटसुलट पाहिलं. "मी तवाच म्हणालो होतो की काका. आता हितं मधी काय टाकू? लई जागा मोकळी झाली."

गंगाधररावांनी साहेबांच्या सांगण्याप्रमाणे लिहून आणलेला कागद पुढे केला आणि स्वतःच खड्या आवाजात वाचून दाखवला, "जवस. लसूण. लाल मिरची. जिरे. मीठ." वाचताना त्यांचा आवाज नकळत लागला. प्रभुच्या छापखान्यातलं यंत्र चालू होतं, त्याच्या ठेक्यावर ते अगदी नामावळीसारखं वाटलं.

पाहणीच्या साहेबांनी शब्द पाळला. नोंदणीचा कागद आला तो मार्च सरायला थोडेच दिवस उरले असताना, आणि बँकेतल्या साहेबांनी पैसे सोडले ते जुन्या वर्षाच्या जुन्याच खुर्चीत बसून. यंत्र आलं. माढ्याहून पोती आली. शिवलीलामॅडम पेढे खायला आल्या तेव्हा त्यांनी अनुदानाची शेवटची गोष्ट समजावून सांगितली: सरकारचा वाटा बँकेत येईल, पण तीन वर्षं नुसता बाजूला राहील. धंदा नीट चालवला, हप्ते भरले, की मग तो कर्जात वळता होईल.

"म्हणजे आलं, पण हात लावायचा नाही?" यशोदाबाईंनी विचारलं.

"हो, काकू."

"तीन वर्षं सेवा, मग प्रसाद," गंगाधरराव समाधानानं म्हणाले. "सरकारला परमार्थ कळतो."

"तुम्हांला सरकारातही देव दिसतो," यशोदाबाई म्हणाल्या. "पेढा घ्या."

चैत्रात देवळाबाहेर श्रावणीनं पहिल्यांदा टेबल मांडलं. शेजारच्या सोसायटीतल्या चन्नम्मा, ज्या कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्या सात पिढ्या विचारतात, त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पाकीट उचललं, हुंगलं, हलवलं.

"काय ईशेष हाय हो हिच्यात?"

श्रावणी हिशोबाची पिशवी शोधत होती. उत्तर गंगाधररावांवर आलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. बुवा दोन वेळा भाकरी मागून घेऊन काय म्हणाले ते सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं, अगदी नावागावासकट. श्रावणीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

गंगाधररावांनी श्वास सोडला. "जवस आहे. लसूण आहे. मिरची आहे," ते म्हणाले, आणि डब्यातली चिमूटभर चटणी चन्नम्मांच्या तळहातावर ठेवली. "खाऊन बघा."

चन्नम्मांनी ती जिभेवर टाकली. डोळे बारीक केले. गंगाधरराव आणि श्रावणी, दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"तिखट हाय की वो लई!" चन्नम्मा म्हणाल्या, आणि तळहात पुन्हा पुढे केला.